ऑइल काळं झालंय म्हणे!

गाडीच्या दर सर्व्हिसिंगला मेकॅनिकचं तेच. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढायची, फडक्याला पुसायची आणि ते फडकं नाकासमोर धरून "बघा साहेब, पार काळं झालंय, बदलायलाच लागतंय". अरे बाबा काळं होणारच ना, त्यात डिटर्जंट-डिस्पर्संट रसायनं असतात ती घाण आणि काजळी धरून ठेवायलाच, डिझेल गाडीत तर नवीन ऑइल जरा चाललं की लगेच काळं दिसतं, नुसत्या रंगावरून कळलं असतं तर लॅबमध्ये व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) आणि टीबीएन (आम्ल मारायची उरलेली ताकद) कशाला तपासले असते? बरं, फुल सिंथेटिकचे, म्हणजे जास्त टिकणाऱ्या महागड्या ऑइलचे, जास्तीचे पैसे घ्यायचे आणि पुढच्या ऑइल बदलाचा स्टिकर मात्र ५००० किलोमीटरचा चिकटवायचा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये १०००० किंवा एक वर्ष असं स्वच्छ छापलेलं असताना! मग साधं, स्वस्त मिनरल ऑइलच घातलं असतं की.

आणि दुसरी जमात त्याहून भारी. "सिंथेटिक आहे ना, २५००० किलोमीटरपर्यंत हात लावू नकोस." असं? रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचं इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये साचत जातो, डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात तर हे प्रकरण जास्तच, तिथे बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, कितीही भारी असलं तरी अ‍ॅडिटिव्ह (त्यात मिसळलेली संरक्षक रसायनं) संपायचे ते संपतातच. आणि ऑइल फिल्टर काय अमर आहे? मॅन्युअलमध्ये किलोमीटर किंवा मुदत, "जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं, खडतर वापराचा वेगळा तक्तासुद्धा असतो, पण तो उघडून वाचेल कोण, पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच पडलेलं आणि सल्ले मात्र चालू!