बारा तासांची पाळी आणि ठेकेदाराचे गणित

गेल्या महिन्याच्या पगारपत्रकावर 'हजेरी प्रोत्साहन' या रकान्यात २,६६५ रुपये दिसले आणि माझे डोके फिरले. हे प्रोत्साहन नाही, हा माझा ओव्हरटाइम आहे. तो ओव्हरटाइमच्या रकान्यात लिहिला तर तास आणि दर दोन्ही लिहावे लागतील, म्हणून त्याचे नावच बदलून टाकले आहे.

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, पॅकिंगच्या लाइनवर, मी ठेकेदारामार्फत काम करतो. पाळी सकाळी आठ ते रात्री आठ. जेवणाचा अर्धा तास रोज कापला जातो, जरी अनेकदा लाइन चालू असल्याने डबा मशीनपाशीच उघडावा लागतो. तोही अर्धा तास मी सोडून देतो. उरतात साडेअकरा तास. चार आठवडे, आठवड्याला सहा पाळ्या, म्हणजे २४ पाळ्यांचे २७६ तास झाले, आणि आठवड्याला ४८ प्रमाणे त्यातले १९२ वजा केले तर ८४ तास ओव्हरटाइमचे उरतात. माझे मूळ वेतन १०,६६० आणि विशेष भत्ता ४,९४०, एकूण १५,६००. त्याला महिन्याच्या कामाच्या २६ दिवसांनी भागले की दिवसाचे ६०० आणि तासाचे ७५ रुपये होतात. दुप्पट दराने १५०. म्हणजे मला १२,६०० रुपये मिळायला हवे होते.

ठेकेदाराने काय केले ते पाहा. भत्ता सोडून फक्त मूळ वेतन धरले, २६ ऐवजी ३० ने भागले, आणि तासाचा दर आणला ४४ रुपये ४२ पैसे. दुप्पट नाहीच, एकेरी. आणि तास? 'कायद्यात रोजचे नऊ तास आहेत' असे सांगून नवाच्या वरचे अडीच तास धरले, म्हणजे ८४ चे ६० करून टाकले. कायद्याची एवढीच ओळ त्याला पाठ आहे. जुन्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या ५९ व्या कलमात दिवसाला नऊ तास 'किंवा' आठवड्याला ४८ तास असे लिहिले होते, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर सांगितला होता. तो 'किंवा' वाचायचाच नाही, असे ठरवून बसले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तर दिवसाची मर्यादाच आठ तासांची आहे आणि दुप्पट दर कायम आहे, त्यामुळे नव्याचा आडोसाही त्यांना घेता येत नाही.

हे ४८ तास कुणी दयेने दिलेले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आणलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ज्या नागपुरात दरवर्षी लाखो माणसे दीक्षाभूमीवर येऊन माथा टेकवतात, त्याच नागपूरच्या वेशीवर हा हिशेब दर महिन्याला पायदळी तुडवला जातो, याचा मला मनापासून संताप येतो.

रात्रीचे तर वेगळेच. माझ्या जागी येणारा माणूस उशिरा आला तर मशीन सोडता येत नाही. परवा अंगठा लावला तेव्हा यंत्रावर ८:२५ दिसत होते, मी डायरीत तेच लिहिले, पण मस्टरवर ८:०० लागले. विचारले तर सुपरवायझर म्हणाला, "सगळ्यायले चालते, तुमालेच काऊन चालत नाही?" सगळ्यांना चालत नाही. सगळे गप्प बसतात, कारण गेटवर कामासाठी दहा जण उभे असतात आणि कामगार कार्यालयात चक्कर मारायची म्हटली की त्या दिवसाचे ६०० रुपये जातात. दुप्पट दराची गोष्ट काढली की पुढच्या महिन्यात पाळ्याच कमी मिळतात, हे मी शेजारच्या लाइनवरच्या दोघांच्या बाबतीत पाहिले आहे.

मे महिन्यात पत्र्याखाली उभे राहून, पाय सुजेपर्यंत खोकी भरल्यावर, त्या श्रमाचा भागाकार तरी प्रामाणिक असावा एवढेच मागणे आहे. या वेळी मी पगारपत्रकावर सही केलेली नाही. १२,६०० वजा २,६६५, म्हणजे ९,९३५ रुपये बाकी आहेत, आणि ते ओव्हरटाइमच्याच रकान्यात, तास आणि दर लिहून, मला हवे आहेत.