लिंपेट जागची हलत नाही म्हणे!

खडकाला टोपीसारख्या चिकटलेल्या लिंपेटचा एक फोटो सध्या सगळीकडे फिरतोय. सोबत मजकूर: ही समुद्री गोगलगाय आयुष्यात एकदाच जागा निवडते, अंगातल्या डिंकानं कायमची चिकटते, समोरचं शेवाळ चाटत बसते, उपयोग शून्य. फोटो झकास आहे. मजकुरात पूर्ण खरं एवढंच, की ती गोगलगाय आहे आणि शेवाळ खाते.

आधी 'हलत नाही'चं बघू. आपण खडकावर जातो ते दिवसा, ओहोटीला. नेमकी तीच तिची घरी बसायची वेळ. अंग सुकू नये म्हणून शंख खडकावर दाबून ती आत पाणी धरून ठेवते. भरती आली की, काही ठिकाणी रात्रीच्या ओहोटीतही, ती चरायला निघते आणि स्वतःच्याच बुळबुळीत मागावरून बहुतेकदा त्याच जागी परतते. त्याच म्हणजे अगदी त्याच. खडक मऊ असेल तर शंखाच्या कडेनं तो झिजून लंबगोल वळं पडतं. कठीण असेल तर शंखच खडकाच्या उंचसखलपणाबरहुकूम वाढतो. वीतभर पलीकडे ठेवलीत तर कड नीट बसत नाही.

डिंकाचं म्हणणं अर्धं बरोबर. चिकट स्राव असतो, पण पायाची पकड आणि ओढही असते. बेसावध असताना बाजूनं झटका दिला तर ती सुटू शकते. आधी नुसतं बोट लावून पाहा: शंख खाली आवळला जातो, मग नखही शिरत नाही.

'चाटते' हा शब्द मात्र फारच सौम्य झाला. तिची जीभ म्हणजे दातांच्या ओळींची फीत. युरोपातल्या नेहमीच्या लिंपेटमध्ये ती शंखापेक्षाही लांब असते. पुढचे दात झिजतात, मागून नवे सरकतात. दातांत गोथाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म तंतू असतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये मोजलेली त्यांची ताणशक्ती 3 ते 6.5 गिगापास्कल भरली, म्हणजे कोळीकिड्याच्या धाग्यापेक्षा जास्त. मऊ खडकावर तर शेवाळाबरोबर दगडही खरवडला जातो आणि विष्ठेतून बाहेर पडतो.

राहिला उपयोग. 1967 मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलजवळ 'टॉरी कॅन्यन' हा तेलवाहू टँकर फुटला. तेल हटवायला फवारलेल्या रसायनांनी किनाऱ्यावरच्या लिंपेट प्रचंड संख्येनं मेल्या. शेवाळ खाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा काही आठवड्यांत खडक हिरवेगार झाले, पुढे तपकिरी समुद्रशैवालाखाली झाकून गेले. त्या आडोशाला लिंपेटची नवी पिढी उदंड झाली, तिनं शैवालाचा फडशा पाडला, आणि खायला काही उरेना तेव्हा त्या आपापल्या जागा सोडून घोळक्यानं खडकावरून पुढे सरकत गेल्या. आयुष्यात एकदाच जागा निवडणाऱ्या!