बादल्या दोन, टिप्पर एक

आज परत तेच! सकाळी सातला बायकोनं भाजीची देठं हिरव्या बादलीत टाकली, दुधाच्या पिशव्या धुऊन निळ्या बादलीत. (पिशव्या धुतो आम्ही, धुतो! शेजारी हसतात.) खाली महापालिकेचा कचऱ्याचा टिप्पर आला आणि पोरानं दोन्ही बादल्या एकातच पालथ्या घातल्या. विचारलं तर म्हणतो, "काका, पुढं सगळं एकच हुतंय की." खरं बोलला बिचारा, त्याच्यावर काय चिडायचं?

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करा म्हटलं होतं. पण वेगळा केलेला वेगळाच न्यायचा, हेही त्यातच होतं की! ते पान कुणी वाचलंच नाही. आम्हाला मात्र भोंग्यावरनं रोज उपदेश.

तिकडं कोल्हापूरच्या कसबा बावड्यात झूमवर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर, कचऱ्याचा डोंगर. ओलं आत कुजतं, गॅस धरतो, उन्हाळ्यात पेट घेतो. धूर दिसला की साहेब मास्क लावून पाहणीला. मग बैठक, मग निविदा, मग 'लवकरच'. तोवर साहेबाची बदली. नवा येतो, पहिल्यापासून पाहणी!

पावसाळ्यात प्लास्टिक जयंती नाल्यातनं पंचगंगेला. त्याची बैठक वेगळी, चहा वेगळा. तेवढं वर्गीकरण जमतं लगा यांना!

आणि आमच्या कोपऱ्यावर 'स्वच्छ कोल्हापूर, सुंदर कोल्हापूर' रंगवलंय. त्यातलं 'सुंदर' आता दिसत नाही, ढीग तिथवर आलाय.