बाहुलीचा झगा कोण विणतं? फिरत असलेल्या एका मजकुराला उत्तर

नवरात्र जवळ आलं की आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: बाहुल्या जमवणं आणि लेस विणणं या छंदांचा एकमेकांशी संबंध नाही, दोन्ही गोऱ्यांकडून उचललेले, दोन्ही खात्यापित्या घरच्या रिकाम्या बायकांचे, आणि लेस मीटरवर मिळत असताना हाताने विणणं म्हणजे वेळेची नासाडी. यंदा पार्ल्यातल्या तिघींनी तो मला पाठवला, म्हणून लिहायला बसले.

संबंध नाही? माझ्या आत्याची बाहुली माझ्याकडे आहे. गिरगावच्या चाळीत, काचेच्या शोकेसमध्ये ती उभी असायची. बाहुली साधी प्लॅस्टिकची, आडवी केली की डोळे मिटणारी. झगा मात्र आत्याने क्रोशाने, म्हणजे एका आकडीदार सुईने लेससारखा विणलेला. कमरेपाशी मुक्या खांबांची, म्हणजे आखूड टाक्यांची घट्ट पट्टी, खाली खांब (उंच उभे टाके) आणि साखळ्यांची जाळी, शेवटी झालर. ती उलटी करून मी खांब मोजत बसायचे. क्रोशा मी तिथेच शिकले. ज्या घरात अशी बाहुली, त्याच घरात रेडिओवर क्रोशाचा रुमाल आणि दाराला क्रोशाचं तोरण, हे तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिलं असेल.

जुन्या बाहुल्या जमवणाऱ्यांचं तर लेस ओळखल्यावाचून चालतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जर्मन चिनीमातीच्या बाहुल्यांच्या मानेमागे पुष्कळदा साच्याचा आकडा असतो, त्यावरून डोक्याचा काळ लावता येतो. कपड्यांवर आकडा कुठून येणार? तिथे लेसच बघावी लागते. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने षट्कोनी जाळी विणणारं यंत्र १८०८-०९ मध्ये आणलं. त्यामुळे अठराव्या शतकातली म्हणून दाखवलेल्या बाहुलीच्या टोपीला तसली यंत्राची जाळी निघाली, तर निदान टोपी तरी नंतरची. अमेरिकेत बाहुल्या जमवणाऱ्या मंडळांचा महासंघ १९४९ साली उभा राहिला आणि जुन्या लेसच्या शौकिनांची संघटना १९५३ साली. दोन्ही इतक्या लागोपाठ उभ्या राहिल्या याचं मला जराही नवल वाटत नाही.

गोऱ्यांकडून आलं, हे लेसपुरतं बरंचसं खरं आहे. तमिळनाडूतल्या नागरकोइलला आणि आंध्रातल्या नरसापूरला ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनीच आणली. पण बाहुल्या? आपल्याकडची लाकडी ठकी कुणाकडून उचलली? बाहुला-बाहुलीची लग्नं लावायला कुणी शिकवलं? आणि मोठ्या माणसांनी बाहुल्या जमवणं बघायचं असेल तर नवरात्रात माटुंग्याच्या एखाद्या तमिळ घरी जा. गोलूच्या पायऱ्यांवर आजीच्या, आईच्या, सुनेच्या बाहुल्या एकत्र मांडलेल्या असतात. मरपाची नावाच्या लाकडी बाहुला-बाहुलीच्या जोडीला घरच्या बायका हाताने कपडे शिवून नटवतात.

‘रिकाम्या बायका’ हे शब्द मात्र मला फार लागले. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात बटाट्याचं पीक गेलं, तेव्हा कित्येक घरांची चूल क्रोशाच्या लेसवर पेटत होती. नरसापूरच्या आसपासच्या गावांमध्ये आजही घरकाम उरकून बायका मजुरीवर लेस विणतात. त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लेस वापरणाऱ्या श्रीमंत असतील. विणणारीचे डोळे आणि पाठ श्रीमंताघरची नव्हती.

राहिली मीटरवरची लेस. भुलेश्वरच्या गल्ल्यांतून मीही ती घेते, ब्लाउजला सुंदर दिसते. पण खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून बाजारात नाही. क्रोशासारखी दिसणारी लेस यंत्रावर वेगळ्याच विणीने होते. शिवाय ती सरळ पट्टी असते. बाहुलीची कंबर दोन बोटांची आणि झग्याचा घेर वीतभर. पट्टी लावायची तर चुण्या घालाव्या लागतात, आणि एवढ्याशा अंगावर चुण्यांचा बोंगा होतो. क्रोशात प्रत्येक फेरीला खांब वाढवत गेलं की घेर आपसूक पडतो, एकही चुणी न घालता.

आत्याच्या बाहुलीची झालर एका बाजूने उसवली आहे. मागच्या महिन्यात आळस करून मी तिथे भुलेश्वरची लेस टाचली होती. काल ती काढून टाकली, चाळीस नंबरचा दोरा आणला आणि उसवल्या जागेपासून पुन्हा विणायला घेतलं. सव्वीस खांब झालेत.