सांगलीचं काय?

‘घटक पक्षांची मतं एकमेकांकडे पूर्ण वळली म्हणूनच २०२४च्या लोकसभेला महाविकास आघाडी ४८पैकी ३० जागा जिंकली,’ हे आघाड्यांवरच्या तुमच्या लेखातलं विधान सांगलीकर म्हणून मला अजिबात पटलं नाही. इथली जागा काँग्रेसची हक्काची. ती परस्पर ठाकरे गटाला सोडली, पण मतदार काही त्यांच्या मशाल चिन्हाकडे वळला नाही. आमच्या गल्लीत वसंतदादांच्या काळापासूनचे कार्यकर्ते अपक्ष विशाल पाटलांच्या लिफाफा चिन्हाच्या चिठ्ठ्या घेऊन भर उन्हात दारोदार फिरत होते. विशाल पाटील निवडून आले, आघाडीचे चंद्रहार पाटील थेट तिसऱ्या क्रमांकावर!

इतर मतदारसंघांत मतं वळली असतील, नाही म्हणत नाही. पण जागावाटपात बूथवर राबणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि आघाड्यांवरच्या एवढ्या मोठ्या लेखातही त्याला जागा मिळू नये, याचं फार वाईट वाटलं.