कोळंबीची शिरगणती

दहा चेरी श्रिम्प घेऊन घरी आलो तेव्हा आईने पिशवीत डोकावून एवढंच विचारलं, "इतक्याशा कोळंब्या पुरणार कुणाला?" म्हणलं आई, पाळायच्यात. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून विसरलेलो नाही.

आता घरातला माशांचा टँक काही रिकामा नव्हता. आठ निऑन टेट्रा, पाच गप्पी आणि तळाशी चार कोरिडोरास आधीपासून नांदत होते. चेरी श्रिम्प अगदी गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात, दिवसभर शेवाळं खरवडत बसणार. मासेही तसे सज्जनच, फक्त त्यांचा एक नियम असतो, तोंडात मावेल ते खाणं. मोठी श्रिम्प अडीच-तीन सेंटीमीटरची, ती गप्पीच्या तोंडात काय मावणार. नुकतं जन्मलेलं पिल्लू मात्र जेमतेम दोन मिलिमीटरचं, ते सगळ्यांच्याच तोंडात मावतं. हे मी वाचलेलं होतं. पण आपले मासे वेगळे, आपण त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही, असं वाटायचं. आपल्या पोराबद्दल सगळ्यांना वाटतं तसं.

पहिल्या दिवशी हवेच्या नळीला गाठ मारून सलाईनसारखं थेंब थेंब टँकचं पाणी त्यांच्या भांड्यात सोडत दोन तास बसलो, कारण पाणी एकदम बदललं की यांना सोसत नाही. मग टँकमध्ये सोडल्या आणि दहाच्या दहा गायब. तीन दिवस एकीचंही दर्शन नाही. चौथ्या दिवशी एक तळाशी आडवी पडलेली दिसली, मन घट्ट करून जाळीने काढली, मुलगी रडायच्या बेतात, आणि बोटावर घेतली तर आत कोणीच नाही! नुसती कात. पाय, मिशा, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा जागच्या जागी, फक्त मालकीण निघून गेलेली. नंतर कळलं की कात काढायचीही नसते, त्या स्वतःच ती खातात आणि कॅल्शियम परत मिळवतात. म्हणजे मी कुणाच्या तरी तोंडचा घास काढून त्याचे अंत्यसंस्कार केले होते.

पुढचा घोळ रात्री साडेअकराला. पाच-सहा श्रिम्प वेड्यासारख्या टँकभर पोहत होत्या, काचेवर आपटत होत्या, आणि एरवी या जमिनीवरून ढळत नाहीत त्यामुळे पाण्यात विष झालं असणार असं ठरवून मी बादल्या काढल्या आणि निम्मं पाणी बदललं. घर जागं, फरशी ओली. खरा प्रकार असा होता की एका मादीने कात टाकली होती, तेव्हा तिचा वास पाण्यात पसरतो आणि सगळे नर तिला शोधत सुटतात. म्हणजे वरात चालू होती आणि मी वऱ्हाडावर बादल्या ओतत होतो.

तरी लग्न लागलं. काही दिवसांनी एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घड दिसला, पंचवीसेक तरी असतील, आणि ती पोटाखालच्या वल्ह्यांनी त्यांना सारखा वारा घालत होती. मुलीने तिचं नाव लाली ठेवलं. पाण्याच्या तापमानाप्रमाणे तीन ते चार आठवडे लागतात म्हणे, मग मी कॅलेंडरवर खुणा करायला लागलो, आई ते बघून काही बोलली नाही पण चहा जरा जोरात ठेवला.

बावीसाव्या दिवशी लालीचं पोट रिकामं. पिल्लं? शून्य.

यांची पिल्लं अळी वगैरे काही होत नाहीत, अंड्यातून थेट छोटी श्रिम्पच बाहेर येते, पण पारदर्शक. त्यांना वेगळं खायला घालायची गरज नसते, मॉसवर (टँकमधली बारीक, झुपकेदार पाणवनस्पती), लाकडावर जो बुळबुळीत थर असतो तोच त्यांचं दूध. हे सगळं ठीक, पण दिसणार कशी? टॉर्च आणि भिंग घेऊन मी गुडघ्यावर. तासाभराने जावा मॉसच्या एका टोकाला दोन डोळे दिसले, खरंच नुसते डोळे, बाकी काच. मुलीला हाक मारली. ती धावत आली, "बाबा, कुठाय?" तेवढ्यात एक गप्पी अगदी सहज, जाता जाता, तिथे टोचून गेली.

"होतं," मी म्हणलं.

पुढचे उपाय सांगत बसत नाही, एकेक उपाय म्हणजे नवीन दुखणं. मासे पोटभर खाऊन पिल्लं सोडतील म्हणून खाणं वाढवलं, तर उरलेलं सडून हायड्रा आले, हे धाग्याएवढे प्राणी पिल्लांना डंख मारतात, म्हणजे गप्पी परवडल्या. औषध घालावं तर बऱ्याच औषधांत तांबं, आणि तांब्याने श्रिम्पच आधी जातात. मग खाणं कमी केलं आणि लपायला जागा हवी म्हणून मॉस आणलं, अजून मॉस आणलं, अजून आणलं, शेवटी टँक असा दिसायला लागला की वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या बंगल्याचं आवार. पिल्लं दिसेनात ते दिसेनात, आता निऑनही दिसेनात.

फिल्टरच्या तोंडाला स्पंजही लावला. तो खरं तर पहिल्या दिवशीच लावायला हवा होता, कारण मागे लटकणारा फिल्टर दोन मिलिमीटरच्या जिवाला घोटभर पाण्यासारखा ओढतो. लालीची पहिली पिल्लं तिथेच गेली असणार हे लक्षात आल्यावर दोन दिवस मी त्या फिल्टरकडे बघितलंच नाही. गप्पींना मात्र तो फार प्रिय. त्याचं पाणी धबधब्यासारखं टँकमध्ये पडतं तिथे पाचही जणी तासन्‌तास तोंड वर करून उभ्या. मला वाटायचं शॉवर आवडतो बिचाऱ्यांना.

रोजची शिरगणती चालू होती. नऊ. कधी आठ. एकदा अकरा झाल्या म्हणून आनंदाने ओरडलो, त्यातल्या दोन काती निघाल्या.

चार महिन्यांनी धबधब्याची धार बारीक झाली. एरवी मी फिल्टर उघडत नाही, आतले चांगले बॅक्टेरिया मरतील या भीतीने, पण आता इलाजच नव्हता. आतला स्पंज धुवायला टँकचंच पाणी बादलीत काढलं, कारण नळाच्या क्लोरीनने बॅक्टेरिया जातात, आणि झाकण उचललं.

आत गर्दी. स्पंजवर, कडेला, कोपऱ्यात, लालभडक, गुटगुटीत, एकीकडे मासा नाही, दुसरीकडे चोवीस तास गाळ आयता, खाऊन खाऊन चकाकत होत्या. मुलीने मोजल्या, एकतीस. दोघींच्या पोटाखाली अंडी, आणि काचेवर धुळीसारखे सरकणारे ठिपके, ते तर मोजताच येईनात. त्यातला एक ठिपका प्रवाहात सापडला, धबधब्याच्या काठापर्यंत गेला आणि खाली पडला.

खाली पाच तोंडं उघडीच होती.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी झाकण परत लावलं, स्पंज न धुताच. आई मागून म्हणाली, "पुरल्या की रे सगळ्यांना."