पत्ता ज्याचा, झळ त्याला

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020मध्ये घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर असं काहीतरी यायचं. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या विषयाला अजून अधूनमधून उकळी फुटते. नाव पुसलं की इतिहास पुसला जातो, असं म्हणणारे हटकून मला पुढे करतात: "तू जर्मनीत असतोस ना, सांग की यांना, तिकडे जुनं कसं जपतात ते!"

जपतात, खरंच. मी राहतो तिथून रेगेन्सबुर्ग फार लांब नाही. डॅन्यूबकाठच्या या शहरात मध्ययुगात ज्यूंची मोठी वस्ती होती, तीही भर गावात. 1519च्या जानेवारीत सम्राट माक्सिमिलियन वारला. ज्यूंना संरक्षण होतं ते सम्राटाचं. नवा सम्राट ठरायच्या आत नगरपरिषदेने डाव साधला. फेब्रुवारीत सुमारे 500 माणसांना हाकलून दिलं आणि सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, पाडलं. चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फर त्या परिषदेचा सदस्य. इमारत पडण्याआधी त्याने तिची दोन चित्रं करून ठेवली, म्हणून आज ती आतून कशी दिसायची ते कळतं. पाडणाऱ्यांतलाच एक जण टिपून ठेवणाराही असावा, हे मला अजून पचत नाही.

ज्यूंची दफनभूमीही उखडली. थडग्यांचे दगड बांधकामाला गेले. काहींनी ते विजयचिन्हासारखे दर्शनी भिंतीत बसवले. काही अजून तसेच आहेत: गिलाव्यात चौकोनी दगड, त्यावर झिजलेली हिब्रू अक्षरं, खाली टेकवून ठेवलेली कुणाची तरी सायकल. कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला डुकरिणीला लुचणाऱ्या ज्यूंचं शिल्प आहे, त्यांच्या वस्तीकडे तोंड करून. पाडलेल्या वस्तीच्या जागी चौक आहे. 1990च्या दशकात तिथे उत्खनन झालं, आणि 2005मध्ये इस्रायली शिल्पकार दानी काराव्हान यांनी सिनेगॉगचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये उभा केला. त्यावर बसून पोरं आइस्क्रीम खातात. मला ते आवडतं.

पण ग्रुपवरच्या मंडळींना जी साक्ष हवी आहे, ती यातून निघत नाही. 'आम युडनश्टाइन', म्हणजे ज्यूंच्या थडग्याच्या दगडापाशी, असा एक पत्ता त्या शहरात आजही आहे. पण तिथे राहणाऱ्याची ओळख काही त्या पत्त्यावरून कुणी काढत नाही. ज्यांना ती झळ लागली असती त्यांना हाकलून 500 वर्षं झाली. आपल्याकडे तो पत्ता शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या फॉर्मवर, भाड्याची खोली शोधताना सांगावा लागतो. इतिहासाची काळजी करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या पत्त्यात मात्र 'मारुती मंदिराजवळ' एवढंच आहे.

आणि ज्यांना झळ लागते ते जर्मनीतही गप्प बसत नाहीत. विटेनबर्गच्या चर्चवर असंच डुकरिणीचं शिल्प आहे. ते काढा म्हणून एक ज्यू नागरिक थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. 2022मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला: खाली खुलासा करणारा फलक आहे, तेव्हा शिल्प राहू शकतं. हा निकाल मला पटलेला नाही. फलक वाचायला थांबतो कोण?

तेव्हा नाव बदलाच, यात मला शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. रेगेन्सबुर्गमध्ये 1519चा विषय निघाला की हे नगरपरिषदेने केलं, असं कर्त्यासकट सांगतात. आपण समतानगरची पाटी लावतो आणि मोकळे होतो. वस्ती वेशीबाहेर का, पाणवठा वेगळा का होता, स्मशान अजून वेगळं का, आणि हे ठरवलं कुणी, याबद्दल गावात एक ओळ सापडत नाही. ती ओळ ग्रामपंचायतीने लिहावी, आणि लावायची तर मारुती मंदिराजवळ लावावी. हे मी ग्रुपवर टाकलं. त्यावर फक्त गणपतीच्या वर्गणीचा क्यूआर कोड आला.